आईचा तांबेरा

माझी आई आयुष्यभर गव्हाला आजारी पाडत आली. कुणी विचारलं की मी हेच सांगते. 'वनस्पतिरोगांची शास्त्रज्ञ' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

तिचं काम तांबेऱ्यावर. गव्हाच्या पानावर विटकरी पूड धरते, हात लावला तर बोटाला लागते, तो रोग. औषध न मारता त्याला तोंड देईल असा वाण तयार करण्यात तिची सगळी नोकरी गेली. स्वारगेटहून बस धरून ती लोणी काळभोरच्या बाजूच्या फार्मवर जायची. तिथे आपल्या गव्हाभोवती ती मुद्दाम दुबळ्या गव्हाच्या ओळी पेरायची आणि संध्याकाळी, दव पडायच्या बेताला, त्यांच्यावर तांबेऱ्याचं पाणी फवारायची. त्या ओळी लालभडक व्हायलाच हव्यात. शेजारी एवढा रोग असताना मधला गहू स्वच्छ राहिला, तरच तो खरा. त्या दिवसांत ती दुसऱ्या कुणाच्या शेतात पाऊल टाकत नसे. नातेवाइकांनी हुरड्याला बोलावलं तरी नाही. "माझ्या कपड्यांवरून पाहुणा जाईल तुमच्याकडे," म्हणायची.

मी पत्रकं लिहिणाऱ्यांतली. नदीकाठ, टेकड्या, झाडं वाचवा म्हणणारी. आईच्या शेतात मला, स्पष्टच सांगते, फारसा रस नव्हता. तिच्या निवृत्तीच्या वर्षापर्यंत.

त्या हिवाळ्यात तिच्या एका वाणाची शेवटची चाचणी होती. आधीच्या हंगामांत तो टिकला होता. हा एवढा हंगाम पार पडला की बियाणं शेतकऱ्यांकडे जाणार आणि मे महिन्यात आई घरी. तोवर तिचा एकही वाण बाहेर पडला नव्हता. हा पहिला, आणि अर्थात शेवटचा.

जानेवारीत कुणी मोठे पाहुणे फार्म बघायला येणार असं ठरलं. फार्मच्या साहेबांनी आधी फेरी मारली. रस्त्यालगतच्या लाल ओळी त्यांच्या डोळ्यांत खुपल्या. रविवारी, आई घरी असताना, त्यांनी सगळ्या प्लॉटवर बुरशीनाशक मारून घेतलं. दुबळ्या ओळींवर मारलं, मधल्या तिच्या गव्हावरही मारलं.

मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. भांडायला.

"अहो मॅडम, पाहुण्यांना काय रोग दाखवायचा?" साहेब म्हणाले.

"तोच तर दाखवायचा असतो, साहेब. आपण दवाखाना नीटनेटका दिसावा म्हणून पेशंट हाकलून दिलेत."

"तुमचा गहू स्वच्छ आहे ना? मग लिहा स्वच्छ. तुम्हीही सुटाल, वाणही सुटेल."

"कुणाशी लढून स्वच्छ?"

साहेबांनी चहा मागवला. आमच्यासाठी नाही.

आपल्याकडे हे असंच चालतं. टेकडी फोडायची आणि दुभाजकावर कुंड्या मांडायच्या. हिरवं दिसलं की सगळे खूश. त्याच संतापात मी पत्रक लिहिलं आणि आईपुढे ठेवलं. तिने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"विशेषणं भरपूर आहेत. काय फवारलं आणि त्याने काय बिघडलं, ते कुठंय?"

"म्हणजे वाटू नको?"

"वाट की. त्याने तांबेरा परत येणार असेल तर वाट."

तिने अहवालात लिहिलं: फवारणीमुळे रोग वाढला नाही, चाचणी ग्राह्य धरू नये. मी तिच्याशी कडाक्याने भांडले. आधीचे सगळे हंगाम तुझ्या बाजूने आहेत, तुझ्याच गव्हावर तुझा विश्वास नाही का, असं काय काय बोलले.

"तांबेरा दर वर्षी तोच नसतो गं," ती म्हणाली. "तोही शिकतो. यंदाचा काय शिकून आला होता, ते आता मला माहीत नाही. माहीत नाही ते कसं लिहू?"

मे महिन्यात तिला शाल मिळाली. साहेब तिच्या निष्ठेबद्दल बरंच बोलले. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते.

बियाणं तिने तिच्या एका विद्यार्थिनीला दिलं होतं. ती आता तिथेच नोकरीला आहे. पुढच्या हिवाळ्यात तिने ते पेरलं, भोवती दुबळ्या ओळी लावल्या, रोग सोडला. फेब्रुवारीत तिचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला.

"मॅडम..." ती म्हणाली. "आपल्या गव्हावर आलाय."

"वरच्या पानावर की खालच्या?"

"दोन्हीकडे."

"फोडाभोवती पिवळं कडं?"

"नाही. चांगले मोकळे फोड आहेत."

म्हणजे गव्हाने जरासुद्धा प्रतिकार केला नव्हता. एवढं एव्हाना मलाही कळत होतं.

"पानं कागदाच्या पाकिटात घे. प्लास्टिकमध्ये घाम धरतो," आई म्हणाली आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

फार्मवर पोचताच ती थेट आत गेली. प्लॉटमध्ये उकिडवी बसून तिने आपल्या गव्हाचं एक पान अंगठ्याने पुसलं. अंगठा विटकरी झाला.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटणार नाही तर काय. सगळी नोकरी गेली यात." तिने पान उलटून पाहिलं. "पण इथे निघाला. कुणाच्या शेतात नाही निघाला."

मग तिने विद्यार्थिनीला हाक मारली आणि शेजारी चाचणीला पेरलेल्या दुसऱ्या वाणाची पानं उलटून बघायला लागली.