शेवटची डिस्क

आम्ही नाटकवाले 'शेवटचा प्रयोग' वर्षभर जाहीर करायचो, तसा आमचा डिस्कवाला तीन वर्षं दुकान बंद करतोय. जुन्या हार्ड डिस्कचे जळके भाग बदलता बदलता दुकानाच्या बिनखिडकीच्या खोलीत त्याचा श्वास कोंडतो. त्या दिवशी मी पोचले तेव्हा मात्र कुलूप खरंच त्याच्या हातात होतं. फोनवर त्याची लेक ओरडत होती, "बाबा, गाडी सुटेल!"

माझ्या एकमेव चित्रित नाटकाची डिस्क चुकीचा अडॅप्टर लावून मीच जाळली होती. ती डिस्क असलेली पिशवी मी पाठीमागे लपवली.

"सहज आले होते. निघा तुम्ही!" इतका चोख अभिनय मी रंगमंचावरही केला नसेल.

त्यानं नुसतं नाक वर करून हुंगलं. "बाई, डिस्कमधला डायोड जळलाय. वास येतोय. आणा इकडे."

मग कुलूप टेबलावर ठेवून तो लेकीला म्हणाला, "ही शेवटचीच गं."