मल्लव्वाचा लिंब आणि माझा ढग

सोलापूरला उतरले तेव्हा कंबर धरली होती आणि चपलेचा अंगठा तुटला होता. पुण्याहून सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली खरी, पण उन्हाच्या बाजूची. बावन्नाव्या वर्षी मिळतं ते असंच मिळतं. एप्रिल संपत आलेला. शहाण्या माणसाने या दिवसांत सोलापूरची वाट धरू नये. पण मी शहाणी नाही, भाषांतरकार आहे.

काम असं होतं. तुमच्या-आमच्या फोनमधले फोटो सांभाळणाऱ्या ज्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांतली एक. तिचे अवाढव्य संगणक कुठेतरी चोवीस तास चालतात आणि त्यांना प्रचंड वीज लागते. ती वीज आम्ही उन्हापासून घेतो, असं कंपनीला जगाला सांगायचं असतं. आणि ते ऊन गोळा करण्यासाठी मंद्रूपच्या पुढे माळावर सोलरचा प्रकल्प उभा आहे. तिथल्या फाटकावरचा फलक आणि गावात वाटलेलं पत्रक दोन वर्षांपूर्वी मीच मराठीत केलं होतं, पुण्यात पंख्याखाली बसून, एका दुपारीत. रात्री ऊन नसतं तेव्हा काय करता, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. भाषांतरकाराने प्रश्न विचारायचे नसतात. यंदा कंपनीच्या पुस्तिकेसाठी गावातल्या एका बाईचा हसरा फोटो आणि तिचे चार शब्द हवे होते. एजन्सीच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जाऊन याच. तुमचं मराठी किती गोड आहे!"

स्टेशनबाहेर रफीकभाई गाडी घेऊन उभे होते. मेंदी लावलेली दाढी, तोंडात सुपारी. माझी चप्पल बघून त्यांनी डिकीतून सुताची गुंडी काढली आणि अंगठा करकचून बांधून दिला.

"चादरीचा धागा हाय बाई, सोलापूरका. चप्पल जाएगी, धागा नै टूटता."

विजापूर रोडला लागलो. वडकबाळच्या पुलावरून सीना पाहिली. पाहिली म्हणजे वाळू पाहिली. मंद्रूपला बाजार होता. कलिंगडांच्या ढिगामागे विक्रेता ओला टॉवेल डोक्यावर घेऊन झोपला होता आणि गिऱ्हाईकही त्याला उठवत नव्हतं. त्यापुढे ज्वारीची मोकळी रानं, मग तारेचं कुंपण, आणि त्याच्या आत नजर पोचेल तिथवर निळ्याकाळ्या काचांच्या ओळी. गावात त्यांना 'प्लेटा' म्हणतात. सगळ्या एकाच बाजूला मान करून बसलेल्या.

फाटकावर माझा फलक होता. "इथल्या उन्हावर आमचा ढग चालतो." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आपलं वाक्य एवढ्या मोठ्या अक्षरांत कधी बघायला मिळतं?

प्रकल्पाचे मॅनेजर पाटील यांनी ताक पाजलं आणि हळूच एक कागद पुढे केला.

"मॅडम, तुम्ही मल्लव्वा आजींकडेच चाललाय ना? त्यांचा लिंब आहे बांधावर. दुपार कलली की सावली प्लेटांवर येते, आणि एका प्लेटीवर सावली आली की अख्खी ओळ मंदावते. आजी तयार आहेत. नुसता अंगठा घ्यायचा राहिलाय. उद्या सकाळी करवतवाले येतायत."

कागद घेतला, शाईची डबीही घेतली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

मल्लव्वा कुंपणाबाहेर लिंबाखाली बसली होती. सत्तरीच्या पुढची, कपाळावर विभूती, शेजारी दोन शेळ्या. "कुंद्री (बसा)," म्हणाली आणि पोत्याची घडी झटकून दिली. त्या सावलीत टेकले आणि दिवसभरात पहिल्यांदा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. तिने कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी घातली, वर तेलाची धार. दगडी दात असते तर आणखी एक खाल्ली असती.

आधी फोटो उरकावा म्हणून तिला प्लेटांसमोर उन्हात उभं केलं. मेला फोन तापून बंदच पडला. त्याला घेऊन परत लिंबाखाली आलो. मल्लव्वाने त्याच्यावर पदराने वारा घातला.

"तुमच्या फोनला बी सावली लागतीय की," ती हसली.

फोन निवेपर्यंत कागदाचं बघू म्हटलं. मी डबी उघडली. तिने अंगठा शाईत दाबला, न विचारता, न कुरकुरता. मला राहवलं नाही. "आजी, एवढा मोठा लिंब. कुणी लावला?"

"म्याच. लगीन होऊन आले तवा."

"मग देताय कशा?"

"ढगासाठी देतीय की." तिने निळा अंगठा उंच धरून फाटकाकडे दाखवलं. "नातीनं वाचून दावलंय. हितल्या उनावर ढग चालतोय म्हनं. आदी इमानं यायची, ढगात मीठ मारायला. त्यानं काय झालं न्हाय. आता कंपनी प्लेटांवर ढग करतीय. एका लिंबापायी समद्या रानाचा पाऊस अडवून धरू व्हय?"

विमानांचं मी विसरलेच होते. या भागात कृत्रिम पावसासाठी विमानं फिरली होती, मीही पेपरात वाचलं होतं. पण पुण्यात पंख्याखाली 'क्लाऊड' या शब्दापुढे 'ढग' लिहिताना ते मला कुठून आठवणार? काय सुंदर मराठी केलंय, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली होती.

गप्प बसता आलं असतं. अंगठा उठला की चार वाजेपर्यंत मोकळी झाले असते. देवाशपथ सांगते, तसं मनात आलं.

"आजी, थांबा," मी म्हणाले. "तो ढग खरा नाही."

"म्हंजे?"

"लोकांचे फोटो, कागद, हिशेब... दुसऱ्याच्या वस्तू सांभाळून ठेवायची मोठी जागा असते. तिला ही वीज जाते. तिला ढग म्हणतात."

"मग पाऊस?"

"नाही हो. पावसाचा काही संबंध नाही."

तिने प्लेटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्याचं सांभाळून ठेवायची जागा म्हंजे पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर) की. त्याला ढग कशाला म्हनायचं? कुनी म्हटलं?"

"मीच. तो फलक मीच लिहिलाय."

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने अंगठा लिंबाच्या खोडावर दोनदा घासला. सालीवर निळा डाग उठला.

"माजा ऱ्हायला," ती म्हणाली. "पर वस्तीवरच्या कोंडिबानं गेल्या साली चिंच दिली की वो. ह्याच ढगाला. पोरावानी वाढवलेली. त्याला तुमीच सांगा, बाई. मला न्हाय जमायचं."

कोरा कागद परत केला तेव्हा पाटील कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला अंगठा आणायला पाठवलं होतं, शिकवणी घ्यायला नाही!" त्यांचंही बरोबरच होतं. त्यांना वरून फोन येणार.

निघताना रफीकभाईंना झालेलं सांगितलं, तशी त्यांनी वस्तीकडे बोट दाखवलं. कुंपणालगतच्या पत्र्याच्या घरासमोर चिंचेचं रुंद खोड जमिनीलगत कापलेलं, आणि त्यावर उघड्या उन्हात, डोक्यावर टापशी बांधून, एक म्हातारा बसला होता. कोंडिबा. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली आणि आम्हाला हात केला.

"रुकाऊं क्या बाई?"

पाय दुखत होते. पुण्याच्या गाडीला दोन तास होते. म्हणजे वेळ होता.

"चला," मी म्हणाले. "गाडी चुकेल."

मी स्टेशनवर तासभर बसून राहिले.

घरी आल्यावर फलकाचा मजकूर काढून 'ढग' खोडला आणि 'पेव' लिहून पाठवलं. एजन्सीच्या मॅडमचा लगेच फोन. "पेव? अहो, हे कुणाला कळणार?" कळणाऱ्यांना कळेल म्हटलं. फलक बदलतील की नाही, ठाऊक नाही. मला पुन्हा काम देतील, असं वाटत नाही. प्रवासाला निघाले तेव्हा वाटलं होतं, थकवा उन्हाचा आहे, दोन दिवस पडून राहिलं की जाईल. आठ दिवस झाले. चप्पल टाकून दिली. धागा मात्र सोडवून ठेवलाय. काल संध्याकाळी पुण्यावर आभाळ भरून आलं, तशी मी उठून खिडकी लावून घेतली. मंद्रूपकडेही आलं असेल. कोंडिबा खोडावर बसून वर बघत असेल, आणि त्याला वाटत असेल, आपली चिंच कामाला आली.