बुजवलेल्या तळ्याला कान लावून

नळखात्यात तीस वर्षं त्यांचं काम एकच. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. म्हणून सगळे त्यांना कानवाले काका म्हणतात. निवृत्त झाले तरी अडलं की खातं त्यांनाच बोलावतं. सून म्हणते, "रस्त्याखालचं चार हात खोल ऐकू येतं. घरात शेजारी उभं राहून भाजी आणा म्हटलं, तर ते नाही ऐकू येत." काका तेही ऐकतात आणि पेपरात तोंड खुपसतात.

आमच्या वस्तीमागे तळं होतं. हिरवं, साचलेलं. तिथल्या डासांनी दोन पोरं नेली. काकांची नात अकरा दिवस इस्पितळात होती. पालिकेतल्या साहेबांच्या दारात चपला झिजवून मी शेवटी तोंडावर सांगितलं, तुम्ही बसा खुर्च्या उबवत, आम्हीच बुजवतो. वर्गणी काढली. सगळ्यात मोठी रक्कम काकांची. देताना हसत म्हणाले, "बरं होईल. त्या बेडकांच्या गोंगाटात मला गळती सापडत नाही."

भर उन्हाळ्यात, तळं आटून नुसता चिखल उरला होता तेव्हा आम्ही मुरूम टाकला, रोलर फिरवला. त्या वर्षी वस्तीत एकालाही ताप आला नाही. मी छाती पुढे काढून फिरत होते, का फिरू नये?

यंदा शेजारच्या वस्तीतल्या शाळेमागचं तळं बुजवायला घेतलं. तिथली तीन पोरं तापाने पडलेली. सोमवारी ट्रक येणार होते आणि काकांनी कबूल केलेले पैसे काही येत नव्हते. शनिवारी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"देतो की नाही ते नंतर," काका म्हणाले. "आधी चल माझ्याबरोबर."

सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर गवताची काडी नव्हती. पलीकडे दोरीवर कपडे वाळत होते, पण एक चिमणी नाही, साधी माशी नाही. काकांनी सळई टेकवली.

"लाव कान."

आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग खाली काहीतरी. ओल्या कापडावर लहान लहान हात थापावेत तसं. धप्. धप्धप्. मी पाय हलवला तर थांबलं. मी श्वास रोखला, तर पुन्हा सुरू.

"पाइप फुटला असेल."

"इथून पाइप जात नाही. नकाशा मीच काढलाय." काकांनी आवाज खाली आणला. "उन्हाळ्यात बेडूक चिखलात शिरून झोपतात. आपण त्यांना झोपेत बुजवलं."

"वर्ष झालं काका. मेले असतील."

"मग हे काय आहे?"

मला राग आला. भीती वाटली की मला रागच येतो. "दोन पोरं गेली तेव्हा कुठे होता तुमचा कान?" बोलून गेले आणि जीभ चावली.

ते चिडले नाहीत. "पोरांसाठीच पैसे दिले ना गं. पण ऐक. एका बेडकीची हजार अंडी. त्यातली नऊशे नव्वद पिल्लं कुणीतरी गिळतंच. तळं राहिलं असतं तर दर वर्षी तेच. मग ती जन्मालाच येऊ दिली नाहीत, हे मी पाप केलं की उपकार? विचारू कुणाला? ज्याला विचारायचं तो खाली आहे."

मोर्च्यात मला आजवर कुणी गप्प केलेलं नाही.

"सोमवारी ट्रक येतायत," तिथे मात्र एवढंच म्हटलं.

"माहीत आहे."

रविवारी दिवसभर ते त्या दुसऱ्या तळ्याच्या चिखलात ठिकठिकाणी सळई टेकवत फिरले. सून डबा घेऊन गेली, तसाच परत घेऊन आली. सोमवारी ट्रकच्या आधी ते हजर. पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"आहेत का खाली?" मी विचारलं.

"आहेत. पण ती तीन पोरं मला दिसतात, आणि हे नुसतं ऐकू येतं. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. फक्त देणगीदारांच्या फलकावर माझं नाव नको."

"सगळ्यात मोठी देणगी तुमची, आणि नाव नको? लोक म्हणतील, पैसे मी खाल्ले!"

"म्हणू देत."

शेवटचा ट्रक रिकामा होईपर्यंत ते कडेला सळईला कान लावून उभे होते. रोलर सुरू झाला तेव्हा मी ओरडून विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"रोलर," ते म्हणाले.

महिन्याभरात त्या वस्तीतला ताप गेला. मी एकटीच आमच्या जुन्या जागेवर जाऊन जमिनीला कान लावून आले. काही नाही. धावत काकांकडे गेले. "काका, आवाज थांबला! सुटलो आपण!"

काका सळईला तेल लावत होते. मान वर केली नाही.

"गळती बुजली की आवाज थांबतो," ते म्हणाले. "पाणी संपलं तरी थांबतो. वरून दोन्ही सारखंच ऐकू येतं."