विमानं गेल्यावरचा खराटा
आज सकाळी नातू नोकरीसाठी परगावी निघाला. त्याची रिक्षा वळते न वळते तोच सुनेनं अंगणात खराटा मारायला घेतला, आणि त्या खर्रखर्र आवाजानं मला एकाहत्तरच्या लढाईत, वाळवंटातल्या आमच्या हवाई तळावर नेऊन सोडलं. तिथं वाळू चहात, चपातीत, दातांतही असायची. विमानं उडाली की धावपट्टीवरचे खडे झाडणं हे आमचं काम. त्या दिवशी तीन विमानं गेली आणि माझा हातच उचलेना. माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही, हे आईनं अंगात भिनवलेलं. आमचा सार्जंट कुरुंदवाडचा. तो खेकसला, "हे काय तुझं घर हाय व्हय? खडा इंजिनात गेला तर येणारं पोरगं जळंल की!" मी झाडलं. दोनच परत आली. दुसऱ्या दिवशी विमानं उडाली, मी मुकाट्यानं खराटा उचलला, तर सार्जंटनंच तो धरला. "थांब की जरा," म्हणाला, आणि आवाज विरेपर्यंत आभाळाकडं बघत राहिला. सुनेला हे सांगायला म्हणून उठलो. तिच्या हातातला खराटा घेतला आणि रिक्षा गेली त्या रस्त्याकडं बघत पायरीवर बसलो.