मॅचच्या आधीचा नमस्कार

“अंगात बळ नाही तर खेळायचं कशाला? एवढंच विचारतोय मी,” दिनेश म्हणाला. एवढंच तो संध्याकाळपासून विचारत होता.

“बळ नाही कसं? परवा भरलेला सिलिंडर तिनेच जिना चढून वर आणला. तुम्ही खाली मोबाइलवर बोलत होतात.”

“सिलिंडर उलटून काठी मारत नाही, ललिता.”

ललिताने भाकरी तव्यावरून काढून जाळावर टाकली. भाकरी फुगली, पण आज तिचं समाधान वाटून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. सृष्टी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. डाव्या भुवईवर पांढरी पट्टी, पट्टीखाली टाके. मॅचमध्ये काठी लागली, यापलीकडे ती काही सांगत नव्हती. संघाने सात गोल खाल्ले, एकही केला नाही, ही बातमी मात्र तिच्या आधीच घरी पोचली होती.

“पोरीच्या जातीचं तोंड हाय ते,” दाराशी मेथी निवडत बसलेली धोंडाबाई म्हणाली. ती दिनेशची आई. “उद्या पाव्हणे आले, भुवईला काय झालं म्हणले, तर काय सांगायचं?”

“हॉकी खेळताना लागलं म्हणून सांगायचं, आत्याबाई. चोरी करताना नाही ना लागलं.”

“बघ, बघ कशी बोलती,” धोंडाबाईने मेथीच्या जुडीलाच सांगितलं.

खरं तर ललिताला असं बोलायची सवय नव्हती. ती एकोणीस वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यातल्या खेड्यात सून म्हणून आली, ती जावांमध्ये सगळ्यांत धाकटी. स्वयंपाकघर बोळासारखं आणि त्यात चार बायका. कुणी हंडा घेऊन आलं की ललिता भिंतीला चिकटायची, कुणी ताट घेऊन निघालं की चुलीच्या कोपऱ्यात शिरायची. पुढे दिनेशला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे वायरमनचं काम लागलं, भाड्याच्या दोन खोल्या झाल्या, जावा गावाकडे राहिल्या. पण वाट देणं अंगात इतकं भिनलं होतं, की रिकाम्या जिन्यातसुद्धा ललिता भिंतीच्या कडेने चढायची.

सृष्टी तिचीच पोर. सातवीत असताना बाईंनी हजेरी घेतली तर “हजर” म्हणायची, पण ते फक्त शेजारच्या बाकावरच्या मुलीला ऐकू यायचं. तिच्या नावापुढे कितीदा तरी गैरहजेरी लागली. तेव्हा कॉलनीतल्या संजनाताईंनी तिच्या हातात काठी दिली. संजनाताई वीज केंद्राच्या ऑफिसात कामाला, तरुणपणी जिल्ह्याच्या संघात गोलकीपर. कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी काठ्या, पॅड, चुन्याची पिशवी असा संसार मांडला होता. त्यांचा नियम एकच. बॉल हवा असेल तर “माझा” म्हणून ओरडायचं. जी ओरडणार नाही तिला बॉल मिळणार नाही. महिनाभर सृष्टीला बॉल मिळाला नाही. मग एका संध्याकाळी ललिता कामावरून येत असताना मैदानातून कुणीतरी “माझाऽ” म्हणून असं ओरडलं की झाडावरचे बगळे उठले. हा आवाज आपल्या घरातला आहे हे ललिताला ओळखता आलं नाही. ओळखल्यावर ती रस्त्यातच उभी राहिली. त्या दिवसापासून संजनाताईंच्या घरी तिने कधी रिकामं भांडं परत पाठवलं नाही. कधी लाडू, कधी गावाकडचं मेतकूट.

तेव्हा संघ भक्कम होता. मांड्या खांबासारख्या असलेल्या पोरी. मग एका वर्षात सगळं पांगलं. दोघी पोलिसात भरती झाल्या, एकीचं लग्न झालं, एक नर्सिंगला पुण्याला गेली. संजनाताईंनी आठवी-नववीतल्या पोरी गोळा करून संघ पुन्हा उभा करायला घेतला होता. सृष्टी पंधराची, त्यामुळे एकाएकी तीच थोरली झाली होती.

“येऊ का?” बाहेरून आवाज आला. संजनाताईच होत्या. सृष्टीचा नडगीवर बांधायचा एक शिनगार्ड मैदानावर राहिला होता, तो घेऊन आल्या होत्या.

“या ताई,” दिनेश म्हणाला. “तुम्हीच सांगा. ह्या काडीपैलवानांचं काही खरं आहे का?”

संजनाताई स्टुलावर बसल्या. “भाऊ, कालपर्यंत मीही तेच म्हणत होते, पोरींना ताकद नाही. आज नीट बघितलं. ताकद आहे. समोरची अंगावर आली की आमच्या पोरी वाट देतात. बाजूला होऊन, चांगल्या घरातल्यासारख्या. एक समोरची पडली, तर आमच्या दोघी बॉल सोडून तिला उचलायला धावल्या.”

“आणि हिला लागलं कसं?”

संजनाताईंनी सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने गुडघ्यात तोंड घातलं.

“हिने सांगितलं नाही? बॉल हिच्याकडे होता. समोरच्या पोरीला हिचा पाय लागला. तर ही नमस्कार करायला खाली वाकली. तिने तोवर मारायला काठी उचलली होती. खाली हिचं तोंड असेल असं तिला तरी कुठून वाटणार? रडत होती बिचारी.”

भाकरीला जळका वास सुटला तेव्हा ललिता भानावर आली. हसू आधी दिनेशला फुटलं. त्याने ते दाबलं, पण खांदे हललेच.

“हसताय काय, पप्पा,” गुडघ्यांतून सृष्टी म्हणाली. “हात आपोआप जातो. मी नाही करत.”

“मग चुकलं काय पोरीचं?” धोंडाबाई कडाडली. “माणसाला पाय लागला तर हात लावून छातीला लावायचा. मीच शिकवलंय तिला. चालता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलंय.”

“बरोबरच आहे, आजी. पण तेवढ्यात बॉल गोलमध्ये जातो.”

“जाऊ दे की गेला तर.”

“आजी, सात वेळा गेला.”

धोंडाबाईने मेथीची कोवळी पानं काड्यांत टाकली आणि परत वेचून घेतली.

शेवटी दिनेशनेच निकाल दिला. येत्या रविवारी आणखी एक मॅच आहे ना? खेळू दे. परत असंच झालं तर काठी संजनाताईंना साभार परत. “मला हौस नाहीये पोरीला अडवायची,” जरा खालच्या आवाजात तो म्हणाला. “टाके घालताना हात माझा धरला होता तिने. डॉक्टरपेक्षा माझाच घाम जास्त गळत होता.”

संजनाताईंना सोडायला ललिता जिन्यापर्यंत गेली. तिथे तिला कारखान्यातल्या मंगलाबाईंची आठवण झाली आणि तिने ती सांगितली.

सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली तो पहिला आठवडा. सुटल्यावर स्टँडवर जीप लागायच्या. ललिता ओढणी सावरत उभी राहायची. मागून येणारा प्रत्येक जण तिच्यापुढून आत चढायचा आणि जीप निघून जायची. शेवटी पॅकिंगच्या त्याच लाइनवरच्या मंगलाबाईंनी तिचं मनगट धरलं. “तू काय जीपला निरोप द्यायला येतेस का गं? धक्का कुणाला द्यायचा नाही. पण पाय रोवून उभं राहायचं. ही जागा माझी आहे असं मनात म्हणायचं. लोक आपोआप दुसरीकडून जातात.” आणि तिला आपल्या पुढे घालून त्यांनी जीपमध्ये चढवलं. पुढे मंगलाबाई सटाण्याला लेकीकडे राहायला गेल्या. पण अजूनही जीपमध्ये नीट बूड टेकलं की ललिताच्या मनात एकदा त्यांचं नाव येऊन जायचं.

“वहिनी,” संजनाताई म्हणाल्या, “हॉकीत तरी वेगळं काय आहे? ढकललं तर फाउल. पण जागा सोडली तर मॅच गेली. उद्या मैदानावर याल?”

ललिता गेली, डबा आणि पर्स खांद्याला तशीच. संजनाताईंनी चुन्याने मातीत जीपच्या मागच्या बाकाएवढा चौकोन आखला. एकीने बॉल घेऊन त्यात उभं राहायचं, बाकीच्यांनी बॉल काढायचा. चौकोन सुटला की बाद. चौकोनाबाहेर उभी राहून ललिता सांगायची, “पाय रुंद. गुडघे थोडे वाकव. आता जीपमध्ये चढायला आलाय दुधाचा कॅनवाला, त्याला दाद द्यायची नाही.” पोरी खिदळायच्या, पण उभ्या राहायच्या. दोन दिवसांत त्या खेळाचं नाव ‘जीप’ पडलं. “ताई, आज जीप किती वेळ?” असं विचारायला लागल्या.

पाय रोवणं जमलं. हात काही ऐकेना. कुणाला पाय लागला की सृष्टीचा उजवा हात काठी सोडून खाली जायचा. तिचं बघून नववीतल्या दोघींचा पण. पाठीमागून संजनाताईंचा “हात!” ऐकू यायचा आणि तोवर बॉल गेलेला असायचा.

शनिवारी संध्याकाळी सृष्टी जेवायला बसली आणि घास नुसता चिवडत राहिली. “उद्या माझं शेवटचं,” एवढंच म्हणाली. धोंडाबाई समोर बसली होती. तिची नजर नातीच्या भुवईवर होती.

“समोरच्या पोरी किती असतात गं?”

“अकरा.”

“मग आधीच करून टाक.”

“काय?”

“नमस्कार. शिट्टी व्हायच्या आधी सगळ्यांना एकदाच करून टाकायचा. आपण नांगरटीला जातो तवा काय करतो? आधी जमिनीला हात लावतो, बाई, आता पाय पडतील, नांगर लागंल, पोटात घाल. मग नांगर चालवतो. सरीसरीला कोण वाकतं? वाकत बसलं तर पीक घेतलं असतं का तुझ्या आज्यानं?”

“मग नंतर पाय लागला तर चालेल?”

“त्याचं झालेलं हाय की आधी. आता जेव.”

सृष्टी जेवली. दोन भाकरी जेवली. ताटं उचलताना ललिता सासूजवळ जरा थांबली. एवढ्या वर्षांत या बाईचा तिला धाक वाटला होता, राग आला होता, कधी कीवही आली होती. आज तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण धोंडाबाई म्हणाली, “उभी काय राहिलीस, पाणी दे,” म्हणून तिने पाणी दिलं.

रविवारी ललिताने ओव्हरटाइमला नाही म्हणून सांगितलं. मैदानाच्या कडेला ती आणि धोंडाबाई सतरंजीवर बसल्या. दिनेश लांब, मोटरसायकलला टेकून उभा. आपण या लोकांबरोबर नाही असा.

समोरचा संघ शहरातल्या एका क्लबचा होता. पोरी उंच, पोटऱ्या टणक. शिट्टी व्हायच्या आधी सृष्टी पुढे निघाली, तिच्या मागे ओळीने बाकीच्या दहा. समोरच्या पहिल्या पोरीच्या पायाला तिने हात लावला आणि छातीला लावला. ती पोर दोन पावलं मागे सरली. दुसरी हसली. तिसरीने गोंधळून उलट सृष्टीच्याच पायाला हात लावला. अंपायरने घड्याळ बघितलं. संजनाताई आभाळाकडे बघत होत्या. समोरच्या संघाला वाटलं असावं, पोरी घाबरल्यात.

मग खेळ सुरू झाला. पहिला गोल त्यांनी लवकर केला. पुढच्या वेळी त्यांची आडदांड थोरली पोर सृष्टीच्या अंगावर आली. पायात पाय अडकला. ललिताने बघितलं, सृष्टीचा उजवा हात काठीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत गेला. तिथे थांबला. वर आला. काठीवर बसला. पाय रुंद, गुडघे थोडे वाकलेले. थोरलीने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि शेवटी वळसा घालून गेली. बॉल सृष्टीकडेच राहिला.

“सोडू नको!” लांबून कुणीतरी ओरडलं. दिनेश मोटरसायकल सोडून चुन्याच्या रेषेवर आला होता.

“ह्याला कुणी बोलावलं?” धोंडाबाई म्हणाली, आणि सरकून त्याला सतरंजीवर जागा केली.

एक गोल संजनाताईंच्या पोरींनी केला. तो नववीतल्या सगळ्यांत बारक्या पोरीने केला, आणि केल्यावर तिला काय करावं ते कळेना म्हणून ती नुसतीच उभी राहिली. शेवटी पोरी मॅच हरल्याच, दोन-एक. हरूनही पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. ती थोरली पोर सृष्टीजवळ आली. “ए, तुझा पाय मला चारदा लागला.”

“त्याचा नमस्कार झालाय,” सृष्टी म्हणाली. थोरलीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कमरेवर हात ठेवून वाकावं लागलं. मग तिने आपल्या बाटलीतलं पाणी सृष्टीला दिलं.

संजनाताई घाम पुसत सतरंजीपाशी आल्या. “अजून पुष्कळ कच्च्या आहेत हो. पळायला कमी पडतात, शेवटची दहा मिनिटं तर नुसत्या तग धरून होत्या. पण आता संघ आहे म्हणता येईल.” मग त्या धोंडाबाईच्या पाया पडायला वाकल्या. धोंडाबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर ललिता ओट्यापाशी उभी राहून करडे मोजे साबणाच्या पाण्यात घालत होती. वीज केंद्राची राख पडणाऱ्या त्या मैदानावरचे मोजे कितीही घासले तरी करडेच राहायचे. बाहेरच्या खोलीत दिनेश आईला सांगत होता, “हरल्या तर हरल्या. पण पुढच्या मॅचेस बाहेरगावी आहेत. निफाड, मालेगाव. रविवारच्या रविवारी. एकट्या पोरींना कोण नेणार? संजनाताईंना तरी किती सांगायचं? म्हणून म्हणतो, एवढ्यावर थांबलेलं बरं.”

बोलता बोलता तो पाणी घ्यायला आत आला. माठ ओट्याच्या टोकाला. एरवी तो आला की ललिता फ्रिजकडे सरकायची. आज ती सरकली नाही. मुद्दाम असं काही नाही, हात साबणात होते आणि ती विचार करत होती. दिनेश क्षणभर थांबला, मग पलीकडून वळसा घालून माठापाशी गेला.

ललिताने मोजे पिळले, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पलंगावर सृष्टी, खाली धोंडाबाई, मागे हातात पेला घेतलेला दिनेश.

“सृष्टी खेळणार आहे,” ती म्हणाली. “पोरींबरोबर मी जाणार. ओव्हरटाइम मी सोडला. रविवारी सकाळी या घरात स्वयंपाक होणार नाही.”