नरडाण्याहून परत आलेला बोकड

उखर्डू पुस्तकवाल्याची पिशवी सगळ्या जळगावला ठाऊक होती. खाकी, दोन्ही बाजूंनी फुगलेली, आत शुभवर्तमानाच्या पुस्तिका. स्टेशनावर, आठवड्याच्या बाजारात, केळीच्या गाड्यांच्या रांगेत, माणूस दिसला की उखर्डू पुस्तिका पुढे करायचा. आणि बोलायचा काय. त्याचं ठरलेलं प्रवचन दोन बोकडांचं. मोशेच्या नियमात वर्षातून एकदा दोन बोकड आणत. एकाचं रक्त वेदीवर जाई, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांची पापं त्याच्यावर घालत आणि त्याला रानात सोडून देत. प्रभू येशू म्हणजे हे दोन्ही बोकड, मेला तोही आणि पाप वाहून नेलं तोही, असं म्हणताना त्याचा आवाज असा काही भरून यायचा की बाजारातल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या.

रडायचा नाही तो एकटा उखर्डू. त्याला जेवणही गोड लागत नसे. बायको शेवंताबाई शेजारणींना सांगायची, "दुनियेचं पाप उतरवून घरी येतो, आणि पानावर असा बसतो जणू भाकरी चोरूनच आणलीय."

भाकरीचंच होतं ते, पण तिला कुठे माहीत.

छप्पन्न्याच्या दुष्काळात, म्हणजे एकोणीसशे साली, उखर्डू बारा वर्षांचा होता. आईबाप बोदवडकडे जाताना वाटेतच मेले. मागे राहिले तो आणि सहा वर्षांची भिकू. कुणीतरी अर्धी भाकरी दिली. मिशनची बैलगाडी येताना दिसली तसा तो बहिणीला म्हणाला, "इथंच बस. हालू नको. मी आलोच." भाकरी त्याच्या हातात होती. गाडीत चढेपर्यंत ती संपली. पुढं अनाथालय, शाळा, बाप्तिस्मा, नोकरी, बायको. मागे वळून बघणं तेवढं राहिलं.

आठ वर्षांपूर्वी असोद्याच्या बाजारात डाव्या भुवईवर भिकूसारखाच भाजल्याचा डाग असलेली एक बाई समोर आली. तिनंही बघितलं. गड्यानं पिशवी आवरली आणि जळगाव गाठेपर्यंत तो थांबला नाही. नंतर कळलं, असोद्याच्या मंजुळाबाईंनी दुष्काळात वाटेवरून एक पोर उचलून आणली होती, वाढवली, गावातच दिली. तेव्हापासून असोदा सोडून तो सगळीकडे पुस्तकं विकत होता.

बावीस सालच्या दसऱ्याच्या तोंडावर मात्र त्याचा धीर सुटला. चर्चच्या पाळकांनी सांगितलं, येशूचं रक्त एकदाच सांडलंय, सर्वांसाठी, विश्वास ठेव. तो म्हणाला, ठेवला. घरी येऊन त्यानं शेवंताबाईचा पाळलेला काळा बोकड सोडला आणि स्टेशनावर नेला.

मालधक्क्यावर एलोजी नागावकर बाबू होते. अलिबागकडचे बेनेइस्राएल, म्हणजे यहुदी. शनिवारी दिवा न लावणारे आणि उखर्डूकडून दर वर्षी एक पुस्तिका विकत घेऊन त्याच्याशी वाद घालणारे.

"नरडाण्याला बोकड? तिथं कोण पाहुणा?"

"काम आहे, बाबूसाहेब."

एलोजींनी रीतसर बोकड बुक केला, गळ्यात चिठ्ठी बांधली. उखर्डू त्याच गाडीनं गेला. नरडाण्याच्या पुढं बाभळीच्या रानात त्यानं बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, भिकूचं नाव घेतलं, भाकरीचं नाव घेतलं आणि दोर सोडला. बोकड चरायला लागला. हा मागे न बघता पळाला. या कामाचा त्याला सराव होता.

तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात गार्ड हिलाल उभा, हातात दोर, दोराला बोकड.

"हाऊ तुम्हनाच बोकड शे ना? यानी बठ्ठं ठेसन डोकावर लिधं."

गळ्यातली चिठ्ठी काढायचं उखर्डू विसरला होता. चिठ्ठीवर एलोजींच्या वळणदार अक्षरात त्याचं नाव आणि जळगाव. रेल्वेनं हरवलेला माल मालकाला पोचवला. गल्ली हसून हसून लोळली. शेवंताबाई म्हणाली, "शहाण्यानं कापला तरी असता, चार घरी रस्सा गेला असता." उखर्डू ओट्यावर बसून चिठ्ठीची गाठ सोडवत राहिला.

संध्याकाळी तो एलोजींकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बायकोला आजवर न सांगितलेलं मालबाबूला सांगितलं.

एलोजी हसले नाहीत. घराला चुना देणं चाललं होतं. ब्रश ठेवून ते म्हणाले, "उखर्डूभाऊ, आमच्याकडे बोकड राहिला नाही आता. यरुशलेमचं मंदिर गेलं, तिथंच बोकड गेला. आमच्याकडे उरली ती दारफाळणी, वर्षातला प्रायश्चित्ताचा एक दिवस. उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे, दार लावून देवापुढं बसायचं. पण ते देवाविरुद्ध केलेल्या अपराधांसाठी. माणसाचा केला असेल, तर दार लावायच्या आधी त्या माणसाकडे जायचं."

"आणि त्यानं नाही म्हटलं तर?"

"तीनदा जायचं. मनापासून तीनदा मागूनही नाही म्हटलं, तर तुमच्यावरचं ओझं उतरलं." मग थोडं थांबून, "तुम्ही मला विकलेल्या पुस्तकातही येशू तेच सांगतो की. आधी भावाकडे जा, मग वेदीकडे ये. हे पान तुम्ही बाजारात वाचत नाही वाटतं."

दारफाळणी लागायला तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी उखर्डू असोद्याला चालत गेला. बोकड बरोबर घेतला, द्यायला दुसरं होतं काय. वेशीवर कुणीतरी विचारलं, "आबा, दसऱ्याचा बोकड का?" त्यानं मान हलवली. भिकूबाई ओट्यावर सरकी निवडत होती.

"भिकू, मले माफ कर."

तिनं वर बघितलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. "नाही," म्हणाली, आणि सरकी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त "पानी पी" एवढं जास्त, तेही बोकडाला.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, तो पुन्हा ओट्यापुढं उभा राहिला.

"रोज काऊन येतं रे तू?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. त्यानं एलोजींचा नियम सांगून टाकला. तीन खेपा, मग ओझं उतरतं.

भिकूबाई हसली. "म्हंजे आज मी नाही म्हनलं का तू सुटला."

तिनं एक किडकी सरकी वेचून टाकली.

"तीन दिवस बसेल होती मी तेथी. लोकं म्हनत, चाल पोरी. मी म्हने, भाऊ हालू नको म्हने. बाभयीच्या शेंगा खाल्ल्या. मंजुळामायनं हात धरून ओढलं तं मी तिले चावली."

"भिकू, मले माफ कर." तिसऱ्यांदा.

तिनं सुपातली सरकी सारखी केली. उठली. होय म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"इथंच बस," ती म्हणाली. "हालू नको. मी आलीच."

आत गेली आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

उखर्डू ओट्याच्या कडेला बसला. तिकडं जळगावात याच वेळी एलोजींनी पांढरे कपडे घालून दार लावलं असेल. ते उद्या चांदण्या दिसल्या की उघडणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. या दाराचं कुणाला विचारायचं?

गुरं परत आली. समोरच्या घरातून चूल पेटल्याचा धूर आला. बोकडानं पिशवीत तोंड घालून एक पुस्तिका खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली, आणि कंटाळून दोर ओढत जळगावच्या रस्त्याला लागला. त्याला घरची वाट माहीत होती. शेवंताबाई आता दारात एकटा बोकड बघेल, आधी हसेल, मग वाट बघायला लागेल.

उखर्डूनं एकदा हाक मारायला तोंड उघडलं. पण त्याच्यामागं जायचं तर उठावं लागलं असतं.