आलेखावरचं जादा शिखर

विमानाच्या इंधनात घातलेली द्रव्यं अगदी नगण्य प्रमाणात असतात. आमच्या म्हैसूरच्या प्रयोगशाळेतलं यंत्र ती वेगळी करून मोजतं आणि प्रत्येकाचं एकेक शिखर आलेखावर काढतं. मी पुण्याहून नवाच आलो होतो, तेव्हा एका सकाळी तिथे एक अनोळखी शिखर उगवलं. अख्खी खेप परत जाणार या धास्तीनं मी यंत्रालाच शिव्या घातल्या आणि दुरुस्तीला माणूस मागवला.

आल्या पन्नाशीच्या एक बाई. केसांत मल्लिगे, म्हणजे मोगरा, हात पाठीमागे बांधलेले. त्यांनी यंत्राला हात लावलाच नाही. नमुन्याच्या बाटलीचं झाकण उघडून आतलं रबर नखानं खरवडलं.

"नोडी सर, हे बघा, याच बाटलीत नुसतं द्रावक घालून चालवा."

इंधनाचा थेंब नसतानाही तेच शिखर उभं राहिलं!

"रबर विरघळतंय हो. इंधन चोख आहे. या बिचाऱ्या यंत्राला उगीच दोष दिलात. आता माफी मागा. कन्नडमध्ये, इथलंच आहे ते."

"क्षमसी," मी यंत्राला म्हणालो.

"क्षमिसि!"

तीनदा म्हणवून घेऊन, हसत, त्या नाव न सांगताच गेल्या. त्या दिवशी दुरुस्ती झाली ती फक्त माझ्या उच्चाराची.